मागून येणाऱ्यांसाठी

तळं आटलं तेव्हा तळकाठच्या माणसांनी त्याच्या मधोमध एक खड्डा खणला. पुरुषभर खोल, आणि खाली जेमतेम दोघांना वाकता येईल एवढा रुंद. त्याला सगळे झिरा म्हणायचे. बुडाला चारही बाजूंनी पाणी पाझरायचं आणि वाटीवाटीने ते हंड्यात भरावं लागायचं. एक हंडा भरायला तासभर लागे. पाळ्या ठरल्या होत्या. घरटी रोज दोन हंडे, त्याउपर थेंब नाही. कोणाच्या घरी माणसं किती, हा हिशेब कोणी धरला नव्हता, कारण तो धरायला बसलं की भांडणं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चटईवाल्याच्या सुनेची पाळी ऐन दुपारी यायची. तळ्याच्या बुडाला भेगा पडल्या होत्या, पाय अडकेल एवढ्या. त्यांतून ती हंडा डोक्यावर घेऊन चालायची, आणि दुसरा कमरेवर. घरी पोचेपर्यंत मानेची शीर ताठून जायची. उंबऱ्यात पाय टाकला की आतून सासू विचारायची, "आलीस का गं?" जणू सून कुठे जत्रेला गेली होती.

घरात माणसं तीन. सासरे, म्हणजे चटईवाला, ज्यांच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता आणि ज्यांना माणूस दिसायचा तो सावलीएवढा. सासू, जी दोन वर्षांपासून खाटेवर होती. आणि सून. नवरा रस्त्याच्या कामावर दूर गेला होता, आणि त्याचा निरोप यायचा बंद होऊन आठ महिने झाले होते. सुरुवातीला ती रोज वाट बघायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की आपण त्याची नाही, पाण्याची वाट बघतोय.

घराचा धंदा चटयांचा. तळ्यात लव्हाळं उगवायचं, ते कापायचं, वाळवायचं, आणि विणायच्या आधी रात्रभर भिजत घालायचं. न भिजवता विणायला गेलं तर काडी कडकन मोडते आणि बोटात शिरते. यंदा लव्हाळं उगवलंच नव्हतं. गेल्या सालच्या शिल्लक मोळ्या छपराला टांगलेल्या होत्या, पण त्या भिजवायला पाणी कुठलं? सून कोरडंच विणायची. दिवसाकाठी वीतभर चटई व्हायची आणि दहा बोटांना दहा चिरा पडायच्या. त्या चिरांत राख भरायची आणि पुन्हा बसायचं.

या गावात प्रार्थनाघर एकच होतं. गावाच्या वस्त्या दोन, खाली तळकाठ आणि चढावर वरची आळी. कधी काळी तळकाठाने लाकूड दिलं, वरच्या आळीने दगड दिला, आणि दोघांचं मिळून एक घर उभं राहिलं. सकाळ तळकाठाची, संध्याकाळ वरच्या आळीची. प्रार्थना दोघांच्या वेगळ्या, बसायच्या दिशाही वेगळ्या, पण फरशी एक. बसायला चटया, आणि पुढे मोकळी काळी फरशी, जिथे सगळे गुडघे टेकायचे. नियम एवढाच, की उठून जाताना मागून येणाऱ्यांसाठी जागा अशी करून ठेवायची की आधी कोणी येऊन गेलंय असं त्यांना वाटू नये. चटया झटकायच्या, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, पायरीवरची माती काढायची. आणि दुसरा नियम याहून कडक. कोणी केलं ते सांगायचं नाही. कोणी विचारलं तर "झालं" एवढंच म्हणायचं. ज्याने "मी पुसलं" म्हटलं त्याचं पुसणं वाया गेलं, असं लहानपणापासून सगळ्यांच्या डोक्यात भरलेलं होतं.

चाळीस वर्षं तळकाठच्या बाजूने हे काम सासूने केलं होतं. वरच्या आळीतल्या लोकांनी चाळीस वर्षं तिच्या हातच्या फरशीवर गुडघे टेकले आणि तिचं तोंड कधी पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच ओल्या फरशीवरून तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं नाही. तेव्हापासून ती खाटेवर, आणि काम सासऱ्यांकडे. डोळ्यांनी दिसत नसलं तरी फरशी त्यांना तळहातासारखी पाठ होती. गुडघ्यांवर बसून ते भिंतीपासून भिंतीपर्यंत फडकं ओढत जायचे. सून त्यांना हाताला धरून नेऊन सोडायची आणि परत आणायची.

दुष्काळ पडला तशी आधी वरच्या आळीने फरशी पुसणं सोडलं. त्यांची विहीर फाल्गुनाच्या आधीच गेली होती. आठ दिवसांनी टाकीची गाडी यायची, तेवढ्यावर त्यांचं सगळं चाले. सकाळी तळकाठची माणसं आली की चटया वाकड्यातिकड्या, फरशीवर पायांचे ठसे, कोपऱ्यात धुळीचे ढीग.

"पाहिलंत?" नावाडी म्हणाला. त्याची होडी वर्षभर भेगाळलेल्या मातीवर कलंडून पडली होती, पण तळकाठात शब्द अजून त्याचाच चालायचा. "त्यांना आपली पर्वा नाही. आपणही जसं मिळालं तसं सोडून जायचं. बघू, किती दिवस घाणीत बसतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरं तर पाणी वाचत होतं म्हणून सगळ्यांना बरंच वाटलं होतं, पण रागाचं निमित्त मिळालं की काटकसरीलाही मान येतो.

सासऱ्यांनी मान हलवली नाही. घरी आले आणि नेहमीसारखे खाटेजवळ बसले.

"झालं का?" सासूने विचारलं. हा तिचा रोजचा प्रश्न.

"आज कोणी करायचं नाही म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"नावाडी."

"त्याचं काय ऐकता? त्याने उभ्या जन्मात कधी झाडू धरलाय?" सासू म्हणाली. हसताना तिची छाती नुसतीच वरखाली व्हायची, आवाज यायचा नाही. "ती माणसं दिवसभर उन्हात राबून येतात हो. निदान बसायला जागा तरी धड असू दे."

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी वेळ बदलली. सकाळी पुसून उपयोग नव्हता, दिवसभराच्या वाऱ्याने संध्याकाळपर्यंत पुन्हा बोटभर धूळ बसायची. म्हणून ते उन्हं कलायला लागली की निघायचे, वरची आळी यायच्या अगदी आधी. एक तांब्या पाणी न्यायचे. एका तांब्यात अख्खी फरशी पुसायची म्हणजे कसब लागतं. फडकं नुसतं ओलसर करायचं, पिळायचं नाही, आणि घडी उलटत उलटत आठ बाजू वापरायच्या. ते बाहेर पडायचे तेव्हा फरशी काळीभोर आणि गार असायची. वरच्या आळीची माणसं तापलेल्या पायांनी आत यायची आणि गारव्याने क्षणभर उभीच राहायची.

सुनेला हे पटत नव्हतं. पण सुरुवातीला ती बोलली नाही. दोन हंड्यांतलं पाणी असं वाटलेलं होतं: पिण्याचं, रांधायचं, सासूला पुसायचं, आणि एक तांब्या प्रार्थनाघराचा. स्वतःच्या आंघोळीचा तिने विचारच सोडून दिला होता. सासूच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, रुपयाएवढ्या दोन आणि एक तळव्याएवढी. त्या रोज ओल्या फडक्याने टिपाव्या लागायच्या, नाहीतर वास यायचा. सासूला त्याची लाज वाटायची. सून पाठ पुसताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "पुरे गं, पुरे. किती पाणी घालवतेस माझ्यावर." सून म्हणायची, "गप पडून राहा आई." तिला या म्हातारीचा राग यायचा आणि तिच्यावर जीवही होता. लग्न करून आली तेव्हा पहिलं वर्षभर याच बाईने तिच्या चिरलेल्या बोटांना रोज तेल लावलं होतं.

मग झिरा खाली गेला. दोन हंड्यांचा दीड झाला. त्या दिवशी सुनेने सासऱ्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"आजपासून नाही, बाबा."

"एक तांब्याच तर आहे."

"तोच एक तांब्या. आईंची जखम टिपायला पाणी नाही आणि तुम्ही फरशी पुसायला निघालात? तीही कोणासाठी, ज्यांनी आपल्यासाठी बोट हलवणं सोडलंय?"

सासू आतून म्हणाली, "राहू दे गं, मी बघते."

"तुम्ही काय बघणार, आई? पडल्या पडल्या?"

बोलून गेल्यावर सुनेला वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येत नाहीत. संध्याकाळी तिने सासूला थोडं जास्त पाणी ओतून दिलं. उशाशी पेला भरून ठेवला. तिला वाटलं, झाली भरपाई.

दोन दिवसांनी सासरे पुन्हा संध्याकाळी उठले. हातात झाकण लावलेली छोटी बरणी होती.

"पाणी कुठून आणलंत?"

"झाली सोय," सासरे म्हणाले.

तिला वाटलं, शेजारच्या काकूंनी दिलं असेल, नाहीतर नावाड्याला दया आली असेल. आपल्या हंड्यातलं जात नाही ना, मग जाऊ दे. तिने त्यांना हाताला धरून नेलं. सोडून परत आली आणि विणायला बसली. असे बरेच दिवस गेले.

एका संध्याकाळी ती सासऱ्यांना आणायला गेली तर पायरीवर गिरणीवाला उभा होता. वरच्या आळीत त्याचा शब्द शेवटचा. दोन्ही आळ्यांचं दळण त्याच्याच गिरणीत व्हायचं, त्यामुळे तसा तळकाठातही त्याच्याशी वाकडं कोणी घेत नसे. भुवयांवर पीठ कायम. त्याने वाकून फरशीला हात लावला आणि ओली बोटं एकमेकांवर चोळली.

"रोज ओली असते," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं आमच्यातलंच कोणीतरी करतंय. तुम्ही करता होय?"

"झालंय," सासरे म्हणाले.

"पाणी कुठलं?"

"घरचं."

"घरी आहे वाटतं बऱ्यापैकी."

सासरे संकोचाने हसले. मोठेपणा नको म्हणून माणूस हसतो तसे. "आहे तेवढं पुरतं," ते म्हणाले.

सुनेने ते ऐकलं. ऐकून तिला काहीच वाटलं नाही. कोणी विचारलं तर तीही हेच म्हणाली असती. सगळ्यांनी हेच म्हणायचं असतं. पण गिरणीवाला बोटं चोळत उभाच होता. त्याच्या घरी दोन दिवसांपासून भांडी वाळूने घासत होते.

तिसऱ्या दिवशी वरची आळी झिऱ्यावर आली. बैलगाडीवर पाणी ओढायचं इंजिन होतं, मागे पंधरा-वीस माणसं, आणि लांबलचक पाइप. सून तेव्हा खड्ड्यात उतरलेली होती. इंजिनाचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं तर कडेला पायच पाय.

"वर ये, बाई," कोणीतरी म्हणालं.

"माझी पाळी आहे."

"पाळ्या संपल्या. वर ये."

नावाडी धावत आला. तळकाठची माणसं जमली. आरडाओरडा झाला, एकाची बंडी फाटली. गिरणीवाल्याने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "तुमच्याकडे फरशा धुवायला पाणी आहे आणि आमची जनावरं मरतायत. तळं काय तुमच्या बापाचं? नाही म्हणत असाल तर उद्यापासून दळण दुसरीकडे न्या." दुसरीकडे म्हणजे एका अख्ख्या दिवसाची वाट. तळकाठची माणसं मागे सरली. नावाडीही सरला.

इंजिन चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पाइपातून चिखल आला, आणि मग नुसती हवा. वरची आळी इंजिन घेऊन परत गेली. झिऱ्याच्या तळाशी पिवळा गाळ राहिला. तो आणखी हातभर खणल्यावर थोडं पाणी सुटलं, फिकट चहासारखं. घरटी एक कळशी, तीही दिवसाआड.

त्याच दिवशी तळकाठची बैठक नावाड्याच्या होडीजवळ बसली. सून मागे बायकांत उभी होती.

"हे कोणामुळे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," नावाडी म्हणाला. "आपण सांगितलं होतं, पुसू नका. ऐकलं नाही. वर गिरणीवाल्याला तोंडावर सांगितलं, घरी भरपूर आहे म्हणून."

"भरपूर नव्हते म्हणाले," सून बोलली. "पुरतं म्हणाले."

"एकच झालं. ज्यांना फरशी पुसायला पुरतं त्यांना कळशीची काय गरज? यांची पाळी बंद. पाऊस पडेपर्यंत."

शेजारच्या काकू, ज्यांच्या तीन पोरींच्या लग्नाच्या चटया सासूने विणून दिल्या होत्या, त्या पदराच्या टोकाला गाठ मारत खाली बघत राहिल्या. सुनेने सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली. मग विचारलं, "त्यांना पाणी दिलं कोणी? बरणीभर रोज? ज्याने दिलं त्याने उठून सांगावं, की हे त्यांच्या घरचं नव्हतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच दिलं नव्हतं.

ती तशीच घरी आली. तिची घरी यायची ती वेळ नव्हती, म्हणून आत कोणी सावध नव्हतं. दारातून तिने पाहिलं. सासू कोपरावर अंग उचलून बसली होती, कशी बसली होती देव जाणे. एका हातात उशाशी ठेवलेला पेला. सासरे खाली बसून बरणी धरून होते. पेल्यातलं पाणी बरणीत पडत होतं.

"सांडू नका," सासू म्हणत होती. "नीट धरा. इकडे. इकडे हो."

"तू प्यायलीस ना?"

"प्यायले म्हणते ना. हे उरलेलं."

सुनेने कळशी दारातच ठेवली. रिकामी होती, तरी आवाज झाला. सासऱ्यांनी मान वळवली. सासूने पेला पटकन पांघरुणाखाली लपवला, लहान मुलीसारखा.

सून खाटेजवळ गेली. सासूची हनुवटी धरून तिने तोंड उघडायला लावलं. जीभ पांढरी पडली होती आणि मधोमध भेगा होत्या. इतके दिवस ती रोज हे तोंड पुसत होती आणि आत पाहिलं नव्हतं. रोज पेला रिकामा दिसतो म्हणून तिला समाधान वाटत होतं.

"किती दिवस?"

"कसले?"

"आई, किती दिवस?"

"तू तांब्या बंद केलास तेव्हापासून," सासू म्हणाली. "अगं, पडलेल्याला कुठे तहान लागते? तुझ्यासारखं थोडंच उन्हात फिरायचंय मला. मला वाटलं, माझं तेवढंच होईल. तिथे जाता येत नाही, तर निदान..."

"मी विचारलं होतं तिला," सासरे म्हणाले. "रोज विचारायचो. म्हणायची, उरलेलं आहे."

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

त्यांना खरं वाटून घ्यायचं होतं, एवढंच. बरणी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. सुनेने ती काढून घेतली आणि सासूच्या ओठांना लावली. दोन घोट गेले. तिसऱ्याला ठसका लागला आणि पाणी मानेवरून उशीवर ओघळलं. घरातलं शेवटचं पाणी ते.

सून तडक वरच्या आळीत गेली. आयुष्यात ती गिरणीवाल्याच्या घरी पहिल्यांदाच जात होती. गिरणीवालीण ओसरीवर धान्य निवडत होती. तिने सुनेला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. ये बस म्हणाली नाही.

सुनेने उभ्यानेच सगळं सांगितलं. फरशी कोणी पुसली, पाणी कोणाचं होतं, कोणाच्या तोंडचं होतं. सांगताना तिला चोरी कबूल केल्यासारखं वाटत होतं. जे चाळीस वर्षं सांगितलं नव्हतं ते ती एका दमात उघडं करत होती.

गिरणीवाला खांबाला टेकून ऐकत होता. भुवयांवरचं पीठ त्याने पुसलं.

"आधी सांगायचं होतं," तो म्हणाला.

"सांगायचं नसतं. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मग आता कशाला सांगतेस?"

ती म्हणाली, "एक तांब्या पाणी द्या. त्यांच्यापुरतं."

गिरणीवालीणीने हातातलं सूप खाली ठेवलं. अंगणात पिंप होतं, झाकणावर दगड ठेवलेला. तिने पिंपाकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहिलं नाही म्हणूनच सुनेचं तिकडे लक्ष गेलं.

"गाडी परवा येणार," गिरणीवाला म्हणाला. "आमचं तळाला गेलंय. परवा ये, देतो. नक्की देतो."

त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. पण वाईट वाटलेल्याने काही घसा ओला होत नाही. ती निघाली तेव्हा मागून गिरणीवालीण नवऱ्याला काहीतरी विचारत होती आणि तो "गप" म्हणत होता.

मधला दिवस सुनेने झिऱ्यावर काढला. पाळी नव्हती, तरी कडेला बसून राहिली. एका बाईची कळशी भरून झाल्यावर तळाशी जो गाळ उरला तो तिने ओंजळीने घेतला. घरी आणून धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळला. अर्धी वाटी पाणी निघालं, तरी ते गढूळच.

सासूला ताप चढला होता. डोळे उघडे, पण कुठे बघतेय ते कळत नव्हतं. मधूनच म्हणायची, "झालं का?"

"झालं, आई," सून म्हणायची.

"फरशी गार आहे?"

"गार आहे. सगळे बसलेत."

प्रार्थनाघरात दोन दिवस कोणी फडकं लावलं नव्हतं. सासरे खाटेच्या पायाशी बसून होते. त्यांनी हे खोटं ऐकलं आणि मान खाली घातली.

उजाडता उजाडता सासू एकदम शुद्धीवर आली. सुनेकडे नीट बघून म्हणाली, "पाणी दे." दोन वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. सुनेने वाटी आणली. गढूळ पाणी ओठांना लागताच सासूने तोंड वाकडं केलं, पण प्यायली. वाटी संपल्यावर तिने पुन्हा तोंड उघडलं. सुनेने रिकामी वाटी उलटी करून दाखवली. सासू ती वाटी बघत राहिली, बराच वेळ, आणि मग ती बघत नाहीये हे सुनेच्या लक्षात आलं.

तिने हंबरडा फोडला नाही. रडायला ओल लागते. ती खाटेच्या कडेला बसून राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आई गेल्या."

"पाणी प्यायली का?" सासऱ्यांनी विचारलं.

"प्यायल्या."

बातमी फिरायला वेळ लागला नाही. गिरणीवाल्याच्या घरून ती आदल्या दिवशीच निघाली होती, आता तिला शेवट मिळाला. आधी शेजारच्या काकू आल्या. पदराखाली भरलेली कळशी होती. "अंघोळ घालायला," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग दुसरी आली, तिनेही कळशी आणली. नावाड्याच्या घरून हंडा आला. सुनेने सासूला अंघोळ घातली, पाठीच्या जखमा धुतल्या, केस धुतले. पाणी उरलं. ओट्यावर भरलेली भांडी एकाला एक लागून उभी राहिली. काल हे कुठे होतं, हे तिने कोणालाच विचारलं नाही. ज्याच्या त्याच्या घरात होतं.

प्रार्थनाघरात नेऊन शेवटची प्रार्थना करायची आणि मग मातीला न्यायचं, असं ठरलं. नावाडी येऊन म्हणाला, "दोन्ही आळ्या येतायत. पहिल्यांदाच एकत्र बसणार आहेत सगळे. तू जरा पुढे जाऊन बघतेस का, चटया घातल्यात का ते?"

ती गेली. ऊन वर आलं होतं. पायरीपाशी दोन्ही आळ्यांचे जोडे ओळीने लावलेले होते, टाचेला टाच. आत पाऊल टाकलं आणि पाय सरकला. तिने दाराची चौकट धरली.

फरशी भिजलेली होती. ओलसर नव्हे, भिजलेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाणी. पंचवीस-तीस माणसं गुडघ्यांवर बसून पुसत होती, तळकाठची आणि वरची, खांद्याला खांदा लावून. ज्याने त्याने घरून भांडं आणलं होतं. कोणी तांब्या, कोणी घागर. कोणीतरी कोपऱ्यात अख्खी बादली ओतली आणि पाणी लोंढ्याने दाराकडे आलं, तिच्या पायांवरून उंबरा ओलांडून पायरीवर गेलं, आणि पायरीखालच्या धुळीत शिरलं. एक बाई डोळे पुसत म्हणत होती, "चाळीस वर्षं गं, चाळीस वर्षं त्या माउलीने केलं." गिरणीवाला स्वतः फडकं पिळत होता. पिळलेलं पाणी काळं होतं. त्याने ते खिडकीतून बाहेर टाकलं आणि नवं घेतलं.

सगळ्यांची तोंडं उजळलेली होती. रडत होते, आणि त्यांना बरं वाटत होतं.

गिरणीवालीणीने तिला पाहिलं आणि जागा करत उठली. तिच्या हातात स्टीलचा मोठा जग होता, काठोकाठ भरलेला, आणि खांद्यावर स्वच्छ नवं फडकं. तिने दोन्ही सुनेपुढे धरलं.

"ये बाई," ती म्हणाली. "तुझाही हात लागू दे. तिच्यासाठी."

सगळे थांबले. सुनेसाठी मधली जागा मोकळी झाली.

सुनेने जग घेतला. फडकं घेतलं नाही. तिने जग दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि प्यायला लागली. उभ्याने, सगळ्यांच्या देखत, घोटामागून घोट, श्वास न घेता. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं, चोळी भिजली, तरी ती थांबली नाही. घशाचा आवाज सगळ्या प्रार्थनाघरात ऐकू येत होता. गुडघ्यांवर बसलेली माणसं मान वर करून तिच्याकडे बघत राहिली.

जग रिकामा झाला. तिने तो गिरणीवालीणीच्या हातात परत दिला आणि ओठ पुसले.

"आणखी आहे का?" तिने विचारलं.